पंचफुलाबाईच्या कांड्या

"मामाजी, तुमाले जाळीन तं कांड्यांवर जाळीन. आंब्याले हात लावू देनार नाई."

सुनेने सासऱ्याला हे भर अंगणात, चहाचा कप हातात देताना सांगितलं. मी त्या घरात पहिल्यांदाच पाय ठेवला होता. आता मोठं भांडण होणार असं वाटून चपला काढाव्यात की तशाच ठेवाव्यात, या विचारात मी उभी राहिले. म्हाताऱ्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "पयले चाहात साखर टाक वं. मंग जाळ."

सून म्हणजे पंचफुलाबाई आणि सासरे म्हणजे जानराव. गाव बोरझरी. तिवशाहून आत वळलं की शेतं संपता संपता सागाचं जंगल सुरू होतं, त्याच्या अगदी काठावर हे गाव आहे. घर माळ्यांचं. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात झेंडू आणि दिवाळीपासून शेवंती. पंचफुलाबाईचे यजमान देवानंदभाऊ रोज पहाटे फुलं घेऊन अमरावतीला जातात. घरात सासरा-सुनेचं जुंपलं की ते वेळेच्या आधीच निघतात.

मला तिथे एका संस्थेने पाठवलं होतं. गावाच्या बचत गटाला एक यंत्र मिळालं होतं, ते पंचायतीच्या जुन्या गोदामात बसवून, सुरू करून, बायकांना चालवायला शिकवायचं. मी मेकॅनिकलची इंजिनिअर, गाव बाळापूर. यातलं दुसरं ऐकल्यावर पंचफुलाबाईने पहिल्याकडे लक्षच दिलं नाही. तिचं माहेरही बाळापूरजवळचंच, मन नदीच्या पलीकडचं.

"म्हंजे तू माह्या माहेरची पोरगी! मंग किरायाची खोली कायले पाहून रायली? इथीच ऱ्हाय."

मी राहिले. काही आठवड्यांसाठी गेले होते, दुसरा उन्हाळा आला तरी तिथेच होते.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. जंगलात जे कोणी उचलत नाही ते सगळं त्याला चालतं. सागाचा वाळलेला पाला, विरळणीत तोडलेल्या झाडांचे शेंडे आणि साली, उपटून काढलेली रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं, आरामशीनखाली साचलेला भुसा. हे सगळं आधी दळायचं. मग त्या भुग्यावर यंत्राचा दट्ट्या इतक्या जोराने आदळतो की भुगा तापतो, लाकडात मुळातच असलेला चिकटा सुटतो आणि पलीकडून मनगटाएवढी जाड, तपकिरी, टणक कांडी बाहेर येते. बाहेरून डिंक नाही की डांबर नाही. ढाब्याच्या भट्टीपासून कारखान्याच्या बॉयलरपर्यंत लाकडाच्या जागी ही कांडी जळते.

पंचफुलाबाईने मात्र हे यंत्र मागितलं होतं ते आगीच्या भीतीने. दर उन्हाळ्यात जंगलात पालापाचोळा गुडघाभर साचतो. कोणाची तरी बिडी पडते, कोणी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवून देतं, आणि आग सरपटत गावाच्या अंगाला येते. एका वर्षी ती धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून तिच्या वावरात शिरली. शेवंतीच्या रोपांवरची हिरवी जाळी आणि ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या. त्यानंतरच्या वन समितीच्या सभेत पंचफुलाबाई उभी राहिली. तोवर त्या सभेत बाई बोललेली नव्हती. ती म्हणाली, "आगीचं खानं तुमी जंगलात पसरून ठेवता अन् मंग आगीले शिव्या देता. थो पाला आमाले द्या. आमी उचलून नेतो." सभेने हसून ठराव केला. हसू यासाठी, की पाल्याचं या बाया करणार काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. ते तिने नंतर विचारत विचारत शोधलं आणि त्या विचारपुशीच्या दुसऱ्या टोकाला आमची संस्था होती.

आंब्याचं भांडण यंत्राच्या आधीपासूनचं होतं.

वावराच्या धुऱ्यावर शेप्या आंब्याचं एक झाड आहे. गावरान आंबा, रसाला शेपूच्या भाजीचा वास. पहिल्यांदा खाणाऱ्याला नकोसा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी तोच हवा होतो. त्या जातीचं दुसरं झाड आता बोरझरीत उरलेलं नाही. ते जानरावांनी पोरवयात लावलं होतं आणि त्यांचं म्हणणं असं, की आपल्या सरणाला हेच लाकूड लागलं पाहिजे. ओला आंबा जळत नाही. म्हणून तो आधीच तोडून, फोडून, छपराखाली वाळवून ठेवायचा. यंदा आंबे उतरले की मृगाच्या आधी तोडायचा, असं त्यांनी आरीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

"मी लावला, मीच नेईन संगं," ते म्हणत.

"तुमी लावला, पानी कोनं घातलं?" पंचफुलाबाई विचारे. लग्न होऊन आल्यावर तिने त्या झाडाला हंड्याने पाणी घातलं होतं. विहीर आटली त्या वर्षी तर गावातून भरून आणून घातलं होतं. तिच्या मुलीचा, पिंकीचा पाळणा याच झाडाला बांधलेला असे. खाली बसून ती हार गुंफायची आणि पायाने पाळण्याला झोका द्यायची. आता पिंकी अकोल्याला नर्सिंगला आहे आणि झाडाखाली गटातल्या बाया डबे सोडतात. एकदा हार गुंफता गुंफता पंचफुलाबाई मला म्हणाली, "नवी नवरी होती तं माहेरची लय याद ये. घरात रडाची सोय नाई. मंग फुलं तोडाले म्हनून याच्याखाली येऊन बसो. झाड काई सांगत नाई कोनाले." असं बोलून झाल्यावर लगेच, "आता तू नको सांगू कोनाले," असंही म्हणाली. आज मी सगळ्यांना सांगते आहे. ती रागावणार नाही हे ठाऊक आहे म्हणूनच.

तर ठरलं असं होतं, की मृगाच्या आधी आरीवाला येणार. तोवर जानरावांना कांडीची खात्री पटली तर झाड वाचणार, नाही तर पडणार. ही अट जानरावांनीच घातली, चहात साखर पडल्यावर. "तुही कांडी लाकडावानी जळली तं मी इचार करीन. नुसता इचार हो! कबूल नाई केलं मी."

आम्ही यंत्र सुरू केलं. पहिल्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि यंत्राने फटाक्यासारखा आवाज करून वाफेचा लोट आणि ओला भुगा आमच्या अंगावर फेकला. बाया किंचाळत बाहेर पळाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. अधूनमधून ज्या कांड्या निघत त्यांना आडव्या भेगा असत, हातात घेतल्या की बिस्किटासारख्या तुटत.

माझी घाबरगुंडी उडाली. मी साचा उघडून पाहिला, दट्ट्याची झीज मोजली, पट्टा बदलला. मूळ कारण ओल असणार हे मला कळत होतं, पण ओल येते कुठून? पाला वैशाखातला. उन्हात वाळून पापडासारखा वाजत होता. मी स्वतः जंगलाच्या कडेला जाऊन तो मुठीत चुरून पाहिला होता.

तेवढ्यात एका सकाळी आम्ही दोघी बाहेर निघालो तर दारात, रांगोळीच्या जागी, तुटलेल्या कांडीचे तुकडे ओळीने मांडून ठेवलेले. बाजूला जानराव तंबाखू मळत बसलेले.

"हे काय, मामाजी?"

"माहे हाडं येचाची परॅक्टिस करून रायलो. असेच उरतीन न? अर्धे इकडं, अर्धे तिकडं."

 पंचफुलाबाई गप्प राहते तेव्हा खरं लागलेलं असतं, हे मला एव्हाना समजू लागलं होतं. गोदामापर्यंत ती माझ्यापुढे भराभर चालत गेली.

त्या दिवशी मी यंत्र बंद ठेवलं आणि नुसती बसून पाहत राहिले. बाया जंगलातून पाल्याची गाठोडी घेऊन आल्या. पाला गोदामाच्या कोपऱ्यात ओतला. मग एकीने बादली आणली, हात बुडवला आणि बोटं झटकत सगळ्या ढिगावर छान एकसारखं पाणी शिंपडलं. दुसरीने ओलं पोतं पिळून त्यावर पांघरलं. हे सगळं गप्पा मारत, एकमेकींकडे न बघता, इतकं सहज चाललं होतं की मला आधी त्यात काही वावगं दिसलंच नाही. मग मी ओरडले.

"अहो, हे काय करताय?"

सगळ्या दचकल्या. "कावून? पाला उडते न, ताई."

"रोज करता?"

"रोज. सकाळीबी अन् जातानीबी," पंचफुलाबाई म्हणाली. तिचा हात अजून बादलीत होता. तिने हाताकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि मग कपाळावर तोच ओला हात मारून घेतला. "अवो माय! आमी फुलंच करून रायलो की वं याचे!"

गटातल्या सगळ्या बाया फुलवाल्यांच्या घरच्या. फुलं तोडून आणली की पाणी शिंपडायचं, ओलं पोतं घालायचं, जाताना पुन्हा शिंपडायचं. लहानपणापासून हाताला लागलेली गोष्ट. टोपलीत जे काही येईल त्याला त्यांचे हात ताजं ठेवायला धावत होते. मेलेल्या पाल्यालासुद्धा. आम्ही इतक्या हसलो की एकीला उचकी लागली आणि तिला त्याच बादलीतलं पाणी द्यावं लागलं.

मलाही हे सुचायला हवं होतं असं मी म्हणाले, तर पंचफुलाबाई म्हणाली, "तुले कसं सुचन? तुह्या घरी काय फुलाचा धंदा हाय? अन् आमाले कसं सुचन? आमच्या घरी काय मशीन हाय?" तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. दोष कोणाचा हे शोधण्यात तिला कधीच रस नसतो. तिच्याकडून मी घेतलेल्या गोष्टींत ही मोठी आहे. आमच्या कॉलेजात यंत्र बिघडलं की आधी माणूस शोधायचे.

बादली गोदामातून हद्दपार झाली. पाला खळ्यावर पसरून उन्हात वाळवायचा, रायमुनियाच्या काड्यांत मिसळून दळायचा, भुगा मुठीत दाबला तर गोळा होता कामा नये, अशी रीत बसली. आठवडाभरात यंत्रातून कांडी निघाली, तीही लांब, गुळगुळीत, दुसरीवर आपटली की लाकडासारखी खणखणणारी. पंचफुलाबाईने पहिली कांडी पदरात गुंडाळून घरी नेली. अंगणातल्या चुलीवर तिने त्या कांडीच्या जाळाने भाकरी केल्या आणि शेवटची भाकरी फुगेपर्यंत फुंकणी उचलली नाही.

जानरावांनी भाकरी खाल्ली. चुलीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "भाकर शिजली. मानूस काई भाकर नोय."

"मंग तुमाले पटवू तरी कसं? तुमाले पयले थोडंसं जाळून पाहू का?" पंचफुलाबाई चिडून म्हणाली आणि आत निघून गेली.

मी तिथेच बसले होते. जानराव माझ्याकडे न पाहता बोलले. "तुले खोटं वाटत असन, पोरी, बुढा झाडासाठी आडून बसला म्हनून. माहा बाप झडीत मेला. बाहेर निरा चिखल. घरटी एक लाकूड आलं, रिवाज हाय न आमच्यात, पन सारं वलं. पेटे अन् इझे, पेटे अन् इझे. मी मोठा पोरगा. सारे घरी गेले, मी तेल घेऊन उभा. आखरीले टायर आनले कोनं तं." त्यांनी चुलीतली कांडी आत सारली. "थो वास माह्या नाकातून गेला नाई अजून. मी माह्या देवानंदले तसं उभं नाई करनार."

हे मी पंचफुलाबाईला सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिला ते माहीत नव्हतं. ती मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. हातातली कळी तिने टोपलीत टाकली. मग म्हणाली, "असं हाय का? मंग मामाजीचं बराबर हाय." आणि त्या दिवसापासून तिने आंब्यावरून वाद घालणं बंद केलं. फक्त कांड्या पाहायची तिची नजर बदलली. जरा भेग दिसली की कांडी बाजूला काढायची. चांगल्यातल्या चांगल्या कांड्या ताडपत्रीत बांधून गोदामाच्या उंच फळीवर ठेवायची. कशासाठी, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आंबे उतरायला आले तेव्हा अवकाळी पाऊस आला. वारा असा, की मोगऱ्याचा मांडव झोपला, आणि गारांनी खळं पांढरं झालं. त्या पावसात नत्थुजी गेले.

नत्थुजी म्हणजे जानरावांचे लहानपणचे सोबती. दोघं रोज पारावर बसून एकमेकांची तंबाखू चोरायचे. नत्थुजींचं वावर नव्हतं, झाडही नव्हतं. मुलगा अंकुर नागपूरला कारखान्यात. तो दुपारपर्यंत पोहोचला. पाऊस थोडा थांबला होता. रिवाजाप्रमाणे घरटी एक लाकूड आणि दोन गोवऱ्या निघाल्या, पण पावसात भिजलं नाही असं त्या दिवशी गावात काहीच नव्हतं. बायका गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या आणि थांबल्या. स्मशानात बायका जात नाहीत.

तासाभराने देवानंदभाऊ पळत आले. एरवी ते पळत नाहीत.

"बाबानं सांगतलं, कांड्या घेऊन ये."

"काय झालं?" पंचफुलाबाईने विचारलं.

"गोवऱ्या जळाल्या अन् इझल्या. लाकूड धरूनच नाई रायलं. लोकं टायर आनाले निघाले, तं बाबा रस्त्यात आडवे झाले."

पंचफुलाबाईने फळीवरची ताडपत्री खाली घेतली. गोदामातल्या बाकीच्या कांड्या, घरच्या कोरड्या गोवऱ्या, कापूर, सगळं आम्ही शेजारच्या ट्रॉलीत भरलं आणि वरून ताडपत्री दुहेरी झाकली. स्मशानाच्या फाटकापाशी ट्रॉली थांबली तशी माझ्यामागोमाग पंचफुलाबाई खाली उतरली आणि तिथेच उभी राहिली. पुरुष कांड्या उतरवू लागले.

आतून जानराव आले. धोतर चिखलाने भरलेलं. "थांबली कावून?"

"मामाजी, बाया..."

"याइले रचता येत नाई. लाकडावानी ढीग घालून रायले. तू रच."

कोणीतरी वडीलधारे मागून म्हणाले, "जानराव, हे बराबर नाई."

"बराबर तं टायरबी नोय, बाप्पा. थे आनाले तुमीच निघाले होते न?"

 पंचफुलाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्या मनगटाला धरलं आणि आत गेली. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी कठड्यावरची ओली लाकडं माणसांनी बाजूला घेतली होती. तिने आधी नत्थुजींसमोर हात जोडले. "मामाजी, काई चुकलं तं माफ करा," असं म्हणाली, आणि मग कामाला लागली. खाली गोवऱ्या, त्यावर कांड्या उभ्या-आडव्या, मध्ये वाऱ्याला वाट. वाट कुठून कुठे राहू द्यायची ते मी दाखवत होते, कारण आम्ही दोघींनी मिळून गोदामामागे अशाच चुली रचून पाहिल्या होत्या.  अंकुर मडकं घेऊन बाजूला उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहू शकले नाही. रचून झाल्यावर पंचफुलाबाई त्याला म्हणाली, "ये बापू. आता घे. भिऊ नको."

गोवऱ्यांनी धरलं, मग कांड्यांनी. आधी कडेला लाल रेघ उमटली, मग आतून एकसारखा आवाज येऊ लागला. धूर थोडा होता आणि सरळ वर जात होता. आम्ही दोघी तेवढं पाहून परत फिरलो. फाटकाबाहेर आल्यावर पंचफुलाबाई रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि म्हणाली, "पानी दे वं." माझ्याकडे पाणी नव्हतं. ती तशीच उठली आणि चालू लागली.

कवटी फुटल्याचा आवाज झाला की माणसं घरी परततात. त्या दिवशीही परतली. जानराव परतले नाहीत. संध्याकाळी दिवे लागल्यावर ते आले, विहिरीवर अंघोळ केली, जेवले आणि झोपले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला अंकुरबरोबर तेच गेले. परत आल्यावर पंचफुलाबाईने दारात त्यांच्या पायांवर पाणी घातलं. ते इतकंच म्हणाले, "निर्मळ राख होती. पोराले हात लावाले भेव नाई वाटलं."

अंकुर नागपूरला जाण्याआधी गोदामात आला.  सगळ्या बायांसमोर त्याने पंचफुलाबाईच्या पायाला हात लावला. "काकू, मी बापाजोळ टायमावर पोचलो नाई. पन त्याची माती तुमी खराब होऊ देल्ली नाई." बायांना काय करावं कळेना. एकीने उठून त्याच्यासाठी चहा ठेवला, कांडीच्याच शेगडीवर.

हल्ली मी धारणीकडे असते. तिथल्या गावांत रायमुनियाने जंगल अडवलं आहे, ती काढून कांड्या करायचं काम सुरू आहे. बसने जायचं, पुढे जीपने, पुढे पायी. नव्या गटात कोणी मला विचारतं की हे तुम्ही कुठे शिकलात, तेव्हा मी कॉलेजचं नाव सांगते आणि मग बोरझरीचंही सांगते. दुसरं ऐकायलाच बायांना जास्त आवडतं. मध्ये एकदा पंचफुलाबाई स्वतः आली होती, कोरकू बायांना शिकवायला. भाषा धड जुळत नव्हती. तिने फक्त बादली उचलून दूर नेऊन उलटी ठेवली, हातवारे करून सगळा तमाशा सांगितला, आणि सगळ्या समजल्या. माझ्या घरात माझ्याआधी कोणी असं काही लिहिलेलं नाही. लिहायला बसले तर पहिलं नाव पंचफुलाबाईचंच आलं. तिने मला माहेरची म्हणून घरात घेतलं नसतं तर मी यंत्र बिघडलं असा अहवाल देऊन त्याच महिन्यात परत गेले असते.

पण आरीवाल्याचं सांगायचं राहिलं.

अवकाळीने पाडले तेवढे पाडून उरलेले आंबे उतरले आणि मृगाच्या तोंडावर ठरल्याप्रमाणे तो आला. मोटरसायकलच्या मागे दोरीने आरी बांधलेली. जानराव झाडाखालीच बसले होते. आम्ही सगळे तिथेच जेवत होतो, रस होता.

"आला का? बस. रस खाऊन जाय," जानराव म्हणाले.

"खातो. पन आंदी झाड पाहू द्या."

"कोन्तं झाड?"

आरीवाला वर पाहू लागला. "हेच न? तुमीच तं सांगतलं होतं, दादाजी."

"सांगतलं होतं. आता मालकीनीले इचार. तिनं पानी घातलं त्याले."

पंचफुलाबाईच्या हातात रसाचं पातेलं होतं. ती जागीच थांबली.

आरीवाला हसला. "काय गोठ हाय! तुमी सुनेले इचाराले कवापासून लागले?"

"नत्थ्या गेला तवापासून," जानराव म्हणाले. मग सुनेकडे वळून, नेहमीच्या खडूस आवाजात, "काय वं, बोलत कावून नाई? त्याले वापस पाठवाचं का झाड तोडाचं, सांग लवकर. त्याचा टाइम खराब होऊन रायला. अन् मले कांड्या चांगल्या पायजेत, सांगून ठेवतो. भेगाच्या नाई चालनार."

 पंचफुलाबाईने पातेलं माझ्या ताटाशेजारी ठेवलं, पदर तोंडाला लावला आणि मोगऱ्याच्या वाफ्यांमधून भराभर घराकडे चालू लागली. देवानंदभाऊ अर्ध्या ताटावरून उठले आणि तिच्या मागे गेले. भांडणातून निघून जाणारे देवानंदभाऊ मी पुष्कळदा पाहिले होते, असे जाताना पहिल्यांदाच पाहिले.

आरीवाला गोंधळून उभाच होता. जानराव त्याला म्हणाले, "बस बाप्पा, बस. येते थे." मी उठले, त्याच्यासाठी एक वाटी घेतली आणि रस वाढला.